उन्हाळ्यात बिघडतो, हिवाळ्यात कळतो

गाडीचा हीटर लवकर तापत नाही अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजात जातो, तेव्हा त्याचा सगळा राग डॅशबोर्डवरच्या बटणांवर असतो. दुखणं मात्र बहुतेक वेळा बोनेटखाली असतं. पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत हीटरला स्वतःची आग नसते. एसीला निदान स्वतःचा कॉम्प्रेसर असतो. हीटर इंजिनाच्या उरल्यासुरल्या उष्णतेवर चालतो. चुलीवर भात शिजत असताना शेजारच्या वैलावर पाणी तापत राहतं, तसं. चूलच धड पेटली नसेल, तर वैलावरच्या पातेल्याला बोल लावून काय उपयोग? म्हणून हीटरची चौकशी नेहमी इंजिनापासून सुरू करायची आणि बटणांपर्यंत शेवटी यायचं.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हीटर लागतो कशाला, असं कोणी म्हणेल. निफाडच्या किंवा महाबळेश्वरच्या काही कडाक्याच्या पहाटा सोडल्या, तर थंडीसाठी तो फारसा लागत नाही हे खरं. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटात काचेवर आतून वाफ धरते तेव्हा तो लागतो, पण तेही फार जणांना ठाऊक नसतं. मात्र आता एमएच पाटीच्या गाड्या मनालीच्या पुढे सर्रास जातात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि पूर्वी हिवाळ्यात रोहतांग खिंडीमुळे तुटणारं लाहौल रस्त्याने जोडलं गेलं. स्वतःची गाडी घेऊन जानेवारीत बर्फ पाहायला जाणारी कुटुंबं वाढली. पुण्यात किंवा संभाजीनगरात पाच वर्षं चाललेल्या गाडीच्या हीटरची खरी परीक्षा अशा वेळी प्रथमच होते, उणे दहा अंशांत, मुलंबाळं गाडीत असताना.

या परीक्षेत नापास होणाऱ्या गाड्यांबद्दल माझं ठाम मत आहे. आपल्याकडचा हीटर थंडीत बिघडत नाही. तो एप्रिल-मेमध्ये, गाडी गरम होऊ नये म्हणून केलेल्या उपायांनी बिघडलेला असतो. थंडीत तो फक्त उघडा पडतो.

हे समजायला आतली रचना थोडी पाहावी लागते. जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये उतरतो. वॉटर पंप हे कूलंट फिरवत ठेवतो. त्याला दोन वाटा असतात. एक समोरच्या रेडिएटरकडे जाते, जिथे उष्णता बाहेरच्या हवेत टाकून दिली जाते. दुसरी, बोटभर जाडीच्या दोन होज पाइपांतून, डॅशबोर्डच्या मागे दडलेल्या हीटर कोअरकडे जाते. हीटर कोअर म्हणजे पाटीएवढा छोटा रेडिएटरच. ब्लोअर त्याच्यावरून हवा फुंकतो आणि ती गरम होऊन आपल्या पायांशी येते. रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडू लागते.

या झडपेत वीज नाही, सेन्सर नाही. पितळेच्या छोट्या डबीत विशिष्ट मेण भरलेलं असतं. मेण वितळताना फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. थंड झालं की स्प्रिंग तिला परत मिटवते. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने ही मेणाची युक्ती रूढ केली आणि आजही बहुतेक गाड्यांत तत्त्व तेच आहे. इतका साधा, इतका स्वस्त आणि इतका महत्त्वाचा भाग गाडीत क्वचितच दुसरा असेल. आणि आपल्याकडे काढून फेकला जाणारा भागही हाच.

मे महिन्यात कसारा घाटात गाडी गरम होते. मिस्त्री बोनेट उघडतो, थर्मोस्टॅट काढून हातावर ठेवतो आणि सांगतो, ‘साहेब, आपल्याकडच्या हवेला हे लागतच नाही.’ गाडी त्या दिवशी थंड राहते, म्हणून सल्ला खरा वाटतो. मूळ दोष मात्र तसाच राहतो. तो बहुतेक वेळा रेडिएटर तुंबण्यात, पंखा बंद पडण्यात किंवा अडकलेल्या थर्मोस्टॅटमध्ये असतो, आणि थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवायचा असतो. झडप काढून टाकल्यावर थंड इंजिनाचं कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन आणखी थंड होत राहतं. पुण्याच्या हवेत काटा थोडा खाली राहतो, कोणाला कळत नाही. लाहौलमधल्या केलाँगला मात्र तीच गाडी तासभर चालली तरी हीटरमधून कोमट हवासुद्धा येत नाही.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. इंजिन अजून थंडच आहे असं समजून गाडीचा संगणक जास्त इंधन सोडत राहतो. जळताना तयार होणारं पाणी ऑइलमधून उडून जात नाही आणि ऑइलचा चिखल होऊ लागतो. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय तो स्वतःला जाळून साफ करत नाही. आणि काही इंजिनांत तर हीच झडप उघडताना आतली आडवाट बंद करते. ती काढली की थोडं कूलंट रेडिएटरला वळसा घालून कायम आतल्या आत फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. म्हणजे ज्या कारणासाठी झडप काढली तेही साधत नाही. थर्मोस्टॅट काढणं ही दुरुस्ती नव्हे, असं प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा उन्हाळी उपाय पाण्याचा. कूलंट कमी झालं की टपरीवरची बाटली ओतायची. गावाकडे बोअरचं पाणी. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्याने घरच्या गिझरच्या कॉइलवर जसा क्षार साचतो, तसाच तो हीटर कोअरच्या आतही साचतो, आणि कोअरच्या नळ्या मुळातच चपट्या, अरुंद. त्यातून रेडिएटर ठिपकायला लागला तर मूठभर हळद टाकायची जुनी चाल आहे. हळद भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते हे अगदी खरं. पण तिला गळकं भोक कुठलं आणि हीटरची नळी कुठली हा फरक कळत नाही. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरींचंही तेच. अडल्यानडल्या वेळी, रस्त्यात, पुढच्या गावापर्यंत पोहोचायला हा उपाय समजू शकतो. घरी आल्यावर सगळं धुऊन काढायला हवं, आणि ते सहसा कोणी करत नाही.

थंडीच्या मुलखात साध्या पाण्याचा धोका हीटरपुरता नसतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. इथिलीन ग्लायकॉल आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, असा समज करून नुसतंच कूलंट ओतू नये: शुद्ध ग्लायकॉल उणे तेरा अंशांच्या आसपासच गोठतं, शिवाय पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. उंचीचाही एक मुद्दा आहे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे उघड्या पातेल्यात पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते म्हणून बंद यंत्रणेत उकळी शंभराच्या वर जाते. कॅपचं रबर कडक झालं असेल तर चढावर कूलंट उकळून बाहेर पडतं, पातळी उतरते, आणि पातळी उतरल्याची पहिली झळ हीटरला बसते, कारण कित्येक गाड्यांत हीटर कोअर इंजिनापेक्षा उंचावर असतो आणि हवा आधी तिथे जाऊन बसते.

आता प्रत्यक्ष निदान. त्याआधी, उशीर कशाला म्हणायचा ते ठरवू. शून्याच्या आसपास तापमान असेल तर धडधाकट पेट्रोल गाडीत पाच ते दहा मिनिटं चालवल्यावर हवा गरम लागायला हवी. उणे वीसमध्ये पंधरा-वीस मिनिटं लागणं गैर नाही, आणि डिझेलला त्याहून थोडं अधिक. युरोपातल्या नियमांत कसोटी काचेची असते: गोठलेल्या गाडीत चालकासमोरचा मुख्य भाग वीस मिनिटांत ८० टक्के मोकळा झाला पाहिजे. आपल्या गाडीला यापेक्षा फार जास्त वेळ लागत असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. इंजिन गार असतानाच कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. गरम असताना कॅपला हात लावू नका, उकळतं कूलंट तोंडावर येतं. पातळी कमी असेल तर बाकी सगळं नंतर, आधी ते गेलं कुठे हे शोधायचं. मग गाडी सुरू करा आणि रेडिएटरला वरून येणाऱ्या जाड होजला बोट लावून ठेवा. पंखा आणि पट्ट्यापासून बाही आणि हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट ठीक असेल तर इंजिन तापत असताना हा होज बराच वेळ गारच राहतो आणि मग एकाएकी, मिनिटभरात, हात ठेववत नाही इतका तापतो. तो पहिल्यापासून इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे किंवा जागेवरच नाही. ज्या गाड्यांत थर्मोस्टॅट रेडिएटरकडून परत येणाऱ्या, म्हणजे खालच्या होजकडे बसवलेला असतो, तिथे ही परीक्षा खालच्या होजवर करायची. रस्त्यावर दुसरी खूण दिसते: घाट चढताना काटा वर येतो आणि उतारावर पुन्हा खाली पडतो. हल्लीच्या अनेक छोट्या गाड्यांत काटा नसतो, फक्त निळा दिवा असतो. तिथे ओबीडी पोर्टला लावायचा छोटा स्कॅनर आणि मोबाइल पुरतो. कूलंटचं तापमान तो थेट अंशांत दाखवतो, आणि पी०१२८ हा कोड आला असेल तर संगणकानेच सांगून टाकलं आहे की इंजिन ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही.

थर्मोस्टॅट काढून घरच्या पातेल्यातही पाहता येतो. दोऱ्याने पाण्यात लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, सोबत थर्मामीटर ठेवायचा आणि पाणी तापवायचं. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलली पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. कडेला केसाइतकी फट राहिली तरी थंडीत ती पुरते. हा प्रयोग मुंबई-पुण्यात करावा. ८८ अंशांचा थर्मोस्टॅट लेहच्या उघड्या पातेल्यात जेमतेम हलेल आणि चांगला असूनही बाद ठरेल.

इंजिन नीट तापतंय, तरी आत गार? मग फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात, शिरणाऱ्या हीटरच्या त्या दोन बारक्या होजना, गरम आहेत हे ध्यानात धरून, हात लावायचा. या एका स्पर्शात निम्मं निदान होतं. दोन्ही चांगल्या तापलेल्या असतील तर कूलंट कोअरमधून वाहतं आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक तापलेली आणि दुसरी गार असेल तर कोअर तुंबला आहे किंवा त्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट तिथवर पोहोचतच नाही: पातळी कमी, हवा धरलेली, किंवा वॉटर पंपाची पाती झिजलेली. गाडी उभी असताना गार आणि रेस दिली की गरम हवा येणं ही हवा धरल्याची किंवा पंप थकल्याची नेमकी खूण. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाजही हवेचाच. कधी बोनेट उघडल्यावर असं दिसतं की दोन्ही होज कोअरला जोडलेल्याच नाहीत, एका नळीने एकमेकींना जोडून टाकल्या आहेत. कोअर गळत होता, बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून कोणीतरी आधीच्या मालकाच्या काळात हा जोड मारलेला असतो. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघावं.

हवा धरली असेल तर ती काढण्याची प्रत्येक गाडीची रीत वेगळी. काहींत ब्लीडचा स्क्रू असतो, काहींत गाडीचं नाक चढावर उभं करून, हीटरचं बटण पूर्ण गरमवर ठेवून, कूलंट भरत इंजिन चालू ठेवावं लागतं. तुंबलेला कोअर दोन्ही होज सोडवून उलट्या दिशेने पाणी सोडून धुता येतो. पाण्याचा जोर मात्र बागेच्या नळाइतकाच हवा. सर्व्हिस सेंटरच्या फवाऱ्याने जुन्या कोअरचे सांधे उघडतात. आधी तपकिरी पाणी येतं, मग गाळाचे पापुद्रे. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं, आणि शेवटचा हात डिमिनरलाइज्ड पाण्याचा. आत गोडसर वास येत असेल आणि काचेवर पुसली तरी चिकट राहणारी वाफ धरत असेल, तर कोअर गळतो आहे. तिथे धुऊन काही होत नाही, बदलावाच लागतो. ती वाफ ग्लायकॉलची असते, श्वासात जाऊ देऊ नये.

हवेच्या बाजूचे दोष त्या मानाने सोपे. केबिन फिल्टर पाल्याने, धुळीने किंवा उंदराच्या घरट्याने भरला असेल तर हवा गरम असते पण थोडी येते. गरम-गार हवेचं प्रमाण ठरवणारी फडकी जिथे केबलने हलते तिथे केबल निसटते; जिथे छोटी मोटर असते तिथे तिचे प्लास्टिकचे दाते तुटतात आणि गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते. चालकाच्या बाजूला गरम आणि शेजारी गार, हेही बहुतेक वेळा त्या मोटरचंच काम.

आणि काही गाड्या कशातही बिघाड नसताना हळू तापतात. हे मान्य करावं लागतं. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये कूलंटच नव्हतं. सायलेन्सरच्या नळ्यांभोवतीची गरम हवा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे येई, पट्ट्या गंजल्या की वाटेतच संपे. आजचं कारण उलटं आहे: इंजिनं सुधारली. डिझेल इंजिन नुसतं उभं चालू असताना इतकं थोडं इंधन जाळतं की वाया जायला उष्णताच फारशी उरत नाही, म्हणून थंड देशांतल्या डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर विजेचा जादा हीटर बसवतात. हायब्रिडमध्ये इंजिन मधूनमधून बंदच होतं. टोयोटाने २००४च्या प्रियसमध्ये अमेरिकेसाठी यावर फार सुंदर तोड काढली होती: गरम कूलंट साठवणारा तीनेक लिटरचा थर्मास, जो ते तीन दिवसांपर्यंत ऊबदार ठेवी आणि सकाळी इंजिनात परत सोडी.

चालकाच्या हातातही बरंच असतं. सुरू केल्या केल्या ब्लोअर पूर्ण वेगाने सोडला की तो जेमतेम तापू लागलेल्या कोअरची ऊब काढून घेतो. पहिली काही मिनिटं तो मंद ठेवावा. बाहेरची उणे पंधराची हवा तापवण्यापेक्षा आतलीच फिरवली तर गाडी लवकर ऊबदार होते, पण आपल्या श्वासाची वाफ काचेवर धरते, म्हणून थोड्या वेळाने बाहेरची हवा घ्यायलाच हवी. आपल्या घाटातल्या पावसात यावर उपाय एसी आणि हीटर एकत्र लावण्याचा: एसी हवेतलं पाणी काढतो आणि हीटर तिला परत ऊब देतो. इंजिन उभं ठेवून अर्धा तास तापवत बसण्यात अर्थ नाही. मिनिटभर थांबावं आणि हलक्या पायाने निघावं. ओझ्याखाली इंजिन लवकर तापतं.

कॅनडात विनिपेग किंवा एडमंटनला राहणाऱ्या मराठी माणसाला हे सगळं सांगायला नको. तिथे गाडीच्या जाळीतून विजेची पिन लोंबत असते आणि पार्किंगमध्ये प्लग असतात. इंजिनाच्या ब्लॉकमधला काही शे वॉटचा हीटर निघण्याआधी दोनेक तास चालू केला की कूलंट आधीच कोमट असतं, इंजिनाची झीजही वाचते. लडाख-स्पितीत ही सोय नसते. तिथले चालक रात्री बोनेटवर गोधड्या टाकतात, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात, आणि ट्रकवाले डिझेलच्या टाकीखाली शेगडी पेटवताना दिसतात, जे धोक्याचंच आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल आणलं, तेव्हापासून निदान टाकीची चिंता हलकी झाली. पुठ्ठ्याचा उपाय उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटवर तात्पुरता चांगला चालतो. जाळी अर्धीच झाकावी, काट्यावर डोळा ठेवावा आणि मनालीत उतरल्यावर तो काढायला विसरू नये.

विजेच्या गाडीत हा सगळा प्रश्नच वेगळा होतो. उरलेली उष्णता जवळपास नसते, म्हणून हीटर बॅटरीवर चालतो. विजेने थेट तापणारा पीटीसी हीटर मिनिटभरात गरम हवा देतो, पेट्रोल गाडीला ते जमत नाही. पण तीच वीज चाकांच्या वाट्याची असते आणि पल्ला कमी होतो. निसानने २०१३च्या लीफमध्ये आणि टेस्लाने २०२०च्या मॉडेल वायमध्ये हीट पंप दिला, जो बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता ओढून आणतो आणि थोड्या विजेत भागवतो. फार कडक थंडीत त्याचाही जोर कमी होतो. गाडी चार्जरला लावलेली असतानाच आतून तापवून घेणं हा इथला सर्वांत शहाणा मार्ग.

बर्फात अडकण्याचा प्रसंग मात्र वेगळा धरला पाहिजे, कारण तिथे चांगला तापणारा हीटरही जिवावर उठतो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसं गेली. त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचं सांगितलं गेलं. साचलेला बर्फ सायलेन्सरचं तोंड बंद करतो, धूर गाडीखाली कोंडतो आणि ब्लोअर तो आत ओढतो. या वायूला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते, इतकंच. अशा वेळी आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातांनी उकरायचा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवायची, तासात दहा मिनिटंच इंजिन चालवायचं, आणि पुन्हा सुरू करण्याआधी दर वेळी ते तोंड परत बघायचं. एकाने तरी जागं राहायचं.